बंदी आहे, पण ताबा कुणाचा?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडे ४० ग्रॅम गांजा सापडला आणि गुन्हा दाखल झाला. त्या विचारतात, "टीव्हीवर कुणीतरी म्हणत होतं, सगळे ड्रग्ज कायदेशीर करा म्हणजे प्रश्नच मिटला. उद्या पानपट्टीवर गांजा मिळायला लागला तर आमची पोरं वाचणार आहेत का? तुम्ही इतकी वर्षं या केसेस लढवताय, मनापासून काय वाटतं ते सांगा."

ताई, मनापासून सांगायचं तर बंदी उठवावी या मताचा मी आहे. मात्र पानपट्टीवर नाही, आणि सगळ्या पदार्थांना एकच नियम लावूनही नाही. मी बचाव पक्षाचा फौजदारी वकील आहे, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, केसेसवर माझं घर चालतं. बंदी उठली तर पहिलं नुकसान माझंच, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

लोकांना वाटतं बंदी म्हणजे कडक नियंत्रण. कसबा बावड्याच्या कोर्टात माझ्यासमोर जे येतं ते नेमकं उलटं असतं. दारूच्या दुकानावर निदान परवाना टांगलेला असतो, बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, पोरगं लहान दिसलं तर दुकानदार बिचकतो तरी. एमडीची (मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीची) पुडी देणारा वय विचारत नाही, पुडीत काय मिसळलंय ते त्यालाही ठाऊक नसतं, आणि उधारी थकली की वसुली कोर्टामार्फत होत नाही. माल कुठला, किती तेज, काय भाव आणि कुणाला विकायचा, हे चारही निर्णय आपण कायद्याने टोळीच्या हाती दिलेत. सरकारच्या हाती उरलं ते फक्त पकडणं.

पकडण्याची ही पद्धत आतून कशी चालते, ते थोडं पाहू. एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात धरत नाहीत. म्हणूनच भांग या व्याख्येत बसत नाही. आता प्रत्यक्ष छाप्यावर या. पोत्यात माल भरलेला असतो, बऱ्याचदा ओलसर. त्यात देठ, फांद्या, पानं, बिया, बोंडं सगळं कोंबलेलं. जवळच्या किराणा दुकानातून वजनकाटा आणतात, पंच म्हणून रस्त्यावरचे दोघे उभे करतात, पोतं आहे तसं काट्यावर चढतं आणि पंचनाम्यात आकडा पडतो. शिक्षा वजनावर ठरते: गांजाची स्मॉल क्वांटिटी (अल्प मात्रा) १ किलोपेक्षा कमी आणि कमर्शियल (व्यापारी मात्रा) २० किलोच्या वर. मधल्या वजनाला शिक्षा १० वर्षांपर्यंत, म्हणजे न्यायाधीश कमीही देऊ शकतात. २० किलो ओलांडलं की किमान १० वर्षं, कमाल २०, आणि दंड १ लाखापासून पुढे. दोन किलो देठ बाजूला काढले असते तर माणूस कुठल्या रकान्यात बसला असता, यावर आम्ही महिनोन्महिने युक्तिवाद करतो. तोवर माल गोदामात वाळून वजनाला कमी भरलेला असतो, आणि लाखेचं सील शाबूत होतं का यावर उलटतपासणी रंगते.

पावडरीचं त्याहून विचित्र आहे. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात ठरवलं, की वजन धरताना शुद्ध अमली पदार्थ किती हे बघायचं नाही, भेसळीसकट सगळा माल मोजायचा. एमडीची कमर्शियल मर्यादा ५० ग्रॅम आहे. आता एकाच्या खिशात ६० ग्रॅम पावडर आहे आणि तिच्यात एमडी जेमतेम ५ ग्रॅम, बाकी भलतंच काहीतरी. दुसऱ्याकडे ४५ ग्रॅम आहे, पण जवळजवळ शुद्ध. पहिल्यावर किमान १० वर्षांची टांगती तलवार, दुसऱ्यावर नाही. भेसळीमुळे माणूस जास्त गुन्हेगार ठरतो! कोर्टाचा तर्क मी समजू शकतो, कारण रस्त्यावर विकला जातो तो भेसळीचाच माल. पण ज्या कायद्यात घातकपणाचं माप असं निघतं, त्याने समाजाचं रक्षण होतंय असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जामिनाचं सांगतो, कारण घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. कमर्शियल क्वांटिटीत कलम ३७ लागतं. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी न्यायाधीशांची खात्री पटली तरच जामीन. खटला सुरू होण्याआधीच जवळपास निर्दोष ठरावं लागतं. दोषारोपपत्राला ९० ऐवजी १८० दिवसांची मुदत आहे. यात अडकतो कोण? मुख्य माणूस क्वचितच. अडकतो तो टेम्पोचा ड्रायव्हर, नाहीतर दोन हजारांसाठी पिशवी पोचवणारा पोरगा. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि मुंबईची खेप वाचली, एवढाच काय तो दिलासा.

बरं, इतकं सगळं करून माल थांबला का? कळंबा जेलच्या भिंतीवरून गांजाच्या पुड्या आत फेकल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो. चार भिंती, बंदूकधारी पहारा आणि रोजची झडती असलेल्या जागी जे थांबत नाही ते रंकाळ्यावर कसं थांबणार?

गुटख्याचं उदाहरण तर घरचंच आहे. जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे, दरवर्षी नवा आदेश निघतो. कागल ओलांडून कोगनोळीपर्यंत कधीही जा, कर्नाटक सीमेवर गुटख्याची गाडी पकडल्याची बातमी महिन्यात एकदा तरी असतेच. पुडी छापील किमतीपेक्षा महाग मिळते, वरचे पैसे मधल्या साखळीत जिरतात आणि कर कुणाच्याच पदरात पडत नाही. गोव्याची दारू आंबोली आणि चंदगडच्या वाटेने येते, ती बंदीमुळे नव्हे तर कराच्या फरकामुळे. दोन्हींचं गणित सारखंच: मागणी तशीच ठेवून किंमत वर नेली की रस्ता आपोआप तयार होतो. म्हणून कायदेशीर विक्रीवरचा करही डोळे मिटून वाढवता येत नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. दारू तिथे कायदेशीर होती, फक्त त्या माणसांच्या खिशाला परवडणारी नव्हती.

दुसरी गोष्ट मला जास्त घाबरवते. एक वाट बंद केली की नशा त्याहून वाईट वाटेने येते. मेफेड्रोन आपल्याकडे एनडीपीएसच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याआधी ते सर्रास विकलं जायचं, कारण बंदी असलेल्या मालाला तो 'कायदेशीर' पर्याय होता. यादीत आल्यावर कारखाने खेड्यांत शिरले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एका फार्महाऊसवर एमडीचा कारखाना पकडला, आठवत असेल. काजूच्या बागांचा तो मुलूख! आणि गेल्या काही वर्षांत कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात पोरं मेफेंटरमाईनची इंजेक्शनं टोचून घ्यायला लागली. भूल दिल्यावर रक्तदाब फार उतरला तर डॉक्टर वापरतात ते औषध. जिममध्ये ताकदीसाठी म्हणून सुरू होतं आणि नशेवर जातं. ज्या गावात तालमीत थंडाई घोटून अंग कमावलं जायचं, तिथे पोरं शिरेत सुई खुपसतायत. तुमच्या भाच्याने गांजाच ओढला होता हे ऐकून, खरं सांगतो, मला जरा हायसं वाटलं.

हे आजचं शहाणपण नाही. इंग्रज सरकारने १८९३-९४ मध्ये गांजा, भांग, चरसाच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. देशभर फिरून, शेकड्यांनी साक्षी घेऊन त्याने सांगितलं, की बेताच्या सेवनाने सहसा फारसं नुकसान दिसत नाही, अतिसेवन वाईट, आणि सरसकट बंदी घालू नये. कारण बंदी घातली तर लोक त्याहून घातक नशेकडे वळण्याचा धोका आहे. उपाय सुचवला तो परवाने, कर आणि मर्यादित दुकानांचा. अफूच्या बाबतीत आपण आजही हेच करतो. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवतात, केंद्राचं खातं ती विकत घेतं, नीमच आणि गाझीपूरच्या कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि दिवाळीच्या अनारशावर आपण लावतो ती खसखस त्याच बोंडातली. म्हणजे जगातल्या सगळ्यात धोकादायक पिकांपैकी एक पीक सरकार शतकाहून जास्त काळ मोजूनमापून हाताळतंय. जमत नाही असं नाही.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा. तो तुम्ही लिहिला नाहीत, मीच मांडतो. दारू कायदेशीर आहे, मग तिने काय भलं केलं? एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत, २०१९ च्या अहवालात, १० ते ७५ वयाच्या लोकांत दारू पिणारे १४.६ टक्के निघाले, म्हणजे सुमारे १६ कोटी. भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के. उघड विक्री झाली की वापर वाढतो, हे त्या आकड्यांतून कुणीही काढेल, आणि मी ते खोडून काढणार नाही. गांजा कायदेशीर झाला तर ओढणारे काही प्रमाणात वाढतील. बंदीविरोधी लोक ही गोष्ट लपवतात, ते मला पटत नाही.

आपल्या जिल्ह्यात गावोगावच्या बायकांनी दारूच्या दुकानाविरुद्ध मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या, मतदान घडवून बाटली आडवी केली. त्यातल्या काही जणींसाठी मी कोर्टात उभा राहिलो आहे. नवऱ्याचा आठवड्याचा पगार शनिवारी बारमध्ये जातो, हे त्यांना कुठल्या अहवालात वाचावं लागत नाही. दुकान बंद झाल्यावर पुढे कुठल्या तरी टपरीच्या मागे गावठी दारूचे फुगे नाहीतर देशीच्या बाटल्या मिळायला लागतात, हेही तितकंच खरं. तरी त्या बायका चुकल्या असं मी म्हणणार नाही. दुकान गावाच्या चौकात, शाळेच्या वाटेवर, लेकीबाळींच्या तोंडासमोर असणं हाच मुळात अपराध होता. त्यांना घटनेत दुरुस्ती नको होती, दुकान नजरेआड हवं होतं आणि नवरा शुद्धीवर हवा होता.

दारूत आपण चुकलो ते परवानगी देण्यात नव्हे, परवानगी कशी दिली त्यात. कायद्याचं नाव १९४९ पासून दारूबंदीचंच, पिणाऱ्याकडे परमिट असावं अशी त्यात तरतूद, कडक दारूसाठी वय २५. आणि प्रत्यक्षात परमिट कुणी बघत नाही, सोड्याच्या नावाखाली जाहिरात चालते, आणि राज्याच्या तिजोरीला त्या पैशाची अशी सवय लागलीय की कुठलंही सरकार विक्री कमी झाली तर खूश होणार नाही. गांजाचं असं झालं तर मी पहिला विरोध करीन. विकणाऱ्याला विक्री वाढवण्यात रस असता कामा नये. दुकान सरकारी किंवा सहकारी तत्त्वावरचं, पाटीवर फक्त नाव, जाहिरात शून्य, साध्या पाकिटावर तीव्रता छापलेली, वय २१, शाळा-कॉलेजपासून लांब, आणि ग्रामसभेला किंवा प्रभागाला नको म्हणायचा हक्क. आडव्या बाटलीचा नियम इथेही लावा. येणारा कर राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत न टाकता थेट व्यसनमुक्तीला जाऊ द्या, म्हणजे त्यावर पूल आणि पुतळे उभे राहणार नाहीत.

त्याच एम्सच्या पाहणीत आणखी एक बारीक नोंद आहे. भांग घेणारे गांजा-चरस घेणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, पण व्यसनाच्या पातळीला गेलेल्यांचं प्रमाण गांजा-चरसवाल्यांत जास्त. सौम्य रूप बंदीच्या कक्षेबाहेर राहिलं तिथे नुकसानही कमी राहिलं, एवढं त्यातून म्हणता येईल. त्यापुढे मी ताणत नाही.

परदेशाचे दाखले टीव्हीवर फेकले जातात, त्यातले दोन नीट समजून घ्या. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता माल बाळगणं गुन्ह्यातून काढलं. १० दिवस पुरेल इतकीच मात्रा. पकडलेला माणूस न्यायाधीशापुढे न जाता एका समितीपुढे जातो, ती त्याला उपचाराकडे वळवते. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. हे चाललं, कारण उपचारांवर पैसा ओतला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये मतदान घेऊन असंच काहीसं केलं, पण उपचारकेंद्रं उभी राहायच्या आत शिक्षा काढून टाकली. रस्त्यावर उघड नशा वाढल्याची ओरड झाली आणि २०२४ मध्ये बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. आपल्याकडे सरकार घाईने काही करेल तर ते ओरेगॉनसारखंच होईल, अशी मला दाट शंका आहे.

गर्द (म्हणजे हेरॉईन) आणि एमडी? ते कुठल्याच दुकानात नको. गर्दाच्या आहारी गेलेल्याला डॉक्टरच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनसारखं बदली औषध मिळावं, आपल्याकडे काही केंद्रांवर ते आत्ताही मिळतं. स्वित्झर्लंडने १९९४ पासून अगदी जुनाट व्यसनींना दवाखान्यात, नर्ससमोर, शुद्ध हेरॉईन द्यायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये जनतेने मतदानाने ते मान्य केलं. विकणाऱ्याचं गिऱ्हाईक असंच तुटतं. एमडीला असं बदली औषध नाही, त्यामुळे विकणाऱ्यावर खटला चालू ठेवावा, ओढणाऱ्याला मात्र जेलमध्ये टाकू नये. जेलमध्ये तो काय शिकून बाहेर येतो ते मी बघत आलोय. वीस वर्षांचा पोरगा आत जातो तेव्हा एक पेडलर ओळखीचा असतो. बाहेर येतो तेव्हा तीन जिल्ह्यांतले.

यातलं बहुतेक संसदेच्या हातात आहे. शिवाय १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही आहे. पण तो करार असतानाही उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये गांजा खुला केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजा सर्वांत कडक यादीतून काढायच्या बाजूने भारतानेही मत दिलं. म्हणजे दार अगदीच बंद नाही.

आता तुमच्या भाच्याचं. ४० ग्रॅम म्हणजे स्मॉल क्वांटिटी. शिक्षा जास्तीत जास्त १ वर्ष किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मधल्या एका गाजलेल्या जामीन प्रकरणात एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र धरले, त्यामुळे जामीन हक्काने मिळत नाही, मागावा लागतो. कलम ३७ इथे लागत नाही, म्हणून जामीन होण्यात सहसा अडचण येत नाही. वकिलाला तीन गोष्टी बघायला सांगा: झडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आहे हे त्याला सांगितलं होतं का (अंगझडती असेल तरच हा मुद्दा चालतो, बॅगेत माल मिळाला तर नाही), नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, आणि नव्या फौजदारी संहितेप्रमाणे जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आहे का.

आणि कलम ६४-अ विचारा. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर स्मॉल क्वांटिटीच्या गुन्ह्यात त्याच्यावरचा खटला चालवला जात नाही. इतकं चांगलं कलम, आणि कोर्टात त्याचा अर्ज मी फारच क्वचित पाहतो, कारण घरच्यांना 'व्यसनी' हा शिक्का नको असतो. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण जातं. उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच हवेत. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आधी दाखवा, केसपेपर जपून ठेवा. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवरही जवळच्या मान्यताप्राप्त केंद्राची माहिती मिळते. ओळखीच्या कुणीतरी सुचवलेल्या खासगी केंद्राची पावती घेऊन आलात तर आधी त्याच्या मान्यतेचा कागद मागा, नाहीतर सरकारी वकील तेवढ्या एका मुद्द्यावर अर्ज फेटाळून घेतील.